‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’: पारपत्रातल्या एका जुन्या शब्दाचं प्रकरण

भारतीय पारपत्राचं निळं पुठ्ठं उघडलं की आतल्या बाजूला राष्ट्रपतींच्या नावाने केलेली एक विनंती हिंदीत आणि इंग्रजीत छापलेली असते. इंग्रजी वाक्य लांबलचक आहे. त्यातला कामाचा तुकडा असा: ‘टु अलाउ द बेअरर टु पास फ्रीली विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’. पारपत्र ज्याचं आहे त्याला मोकळेपणाने जाऊ द्यावं, हे कळतं. हिंड्रन्स म्हणजे अडथळा, हेही कळतं. अडतं ते मधल्या एवढ्याशा ‘लेट’पाशी.

शाळेत शिकलेला ‘लेट’ म्हणजे करू देणे. लेट मी गो, मला जाऊ दे. लेट हिम स्पीक, त्याला बोलू दे. मग ‘विदाउट लेट’ म्हणजे ‘जाऊ दिल्याशिवाय’? जाऊ देण्याच्या विनंतीतच जाऊ न देण्याची गोष्ट कशी येईल? खरी गोष्ट अशी की हा तो लेट नाहीच. हा वेगळा शब्द आहे आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे: अडथळा, खोळंबा, हरकत. इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातून तो कधीच गेला. कायद्याच्या कागदांत, पारपत्रात आणि खेळाच्या मैदानात मात्र टिकून राहिला.

या वाक्याचं मराठी करायला घेतलं की शब्दाचा सगळा इतिहास टेबलावर मांडावा लागतो. तो न मांडता केलेलं भाषांतर कुठे फसतं, हे आधी पाहू.

चुका तीन प्रकारच्या होतात

पहिली चूक सर्वांत सरळ. लेट म्हणजे परवानगी असं धरून वाक्य लिहिलं जातं: ‘परवानगी अथवा अडथळा यांविना मुक्तपणे जाऊ द्यावे’. ही चूक धोकादायक आहे, कारण ती आरडाओरडा करत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, बरोबर आहे की, वेगळी परवानगी मागायला लावू नका आणि अडवूही नका. वाक्याचा एकूण रोख जवळपास तोच राहतो, म्हणून तपासणाराही पुढे सरकतो. चुकीच्या शब्दाने बरोबर वाटणारं वाक्य तयार झालं की ती चूक पुढच्या कागदात जशीच्या तशी नकलली जाते.

दुसरी चूक कानाची. मराठीत ‘लेट’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. गाडी लेट आहे, लेट मार्क लागला. त्यामुळे ‘विदाउट लेट’चं ‘उशीर न करता’ होतं. स्पेलिंगच्या हिशेबाने हे चूक आहे. उशिराच्या लेटचं स्पेलिंग वेगळं आणि इंग्रजी उच्चारही वेगळा. पण गंमत अशी की तीनही चुकांत खऱ्या अर्थाच्या सर्वांत जवळ हीच जाते. का, ते पुढे येईल.

तिसरी चूक मालमत्तेच्या कागदात होते. ‘टू लेट’ची पाटी पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली दिसते, लेट म्हणजे भाड्याने देणे. पारपत्रात हा अर्थ कोणी लावणार नाही. पण हेच शब्द खरेदीखतात आले की ‘विदाउट लेट’चं ‘भाड्याने न देता’ होऊ शकतं, आणि तिथे नुकसान खरं असतं. त्याकडे नंतर येऊ.

दोन क्रियापदं, एक रूप

जुन्या इंग्रजीत, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांच्या 1066 च्या इंग्लंडवरील स्वारीआधीच्या भाषेत, ही दोन क्रियापदं वेगळी होती. एक ‘लॅटन’: सोडणे, राहू देणे, करू देणे. दुसरं ‘लेट्टन’: अडवणे. लॅटनचा स्वर दीर्घ होता आणि भूतकाळ करताना तो स्वरच बदलायचा. लेट्टनमधला स्वर ऱ्हस्व, मधला ‘ट’ दुहेरी, आणि भूतकाळ प्रत्यय लावून व्हायचा. ऐकणाऱ्याला गोंधळ होण्याचं कारण नव्हतं.

पुढच्या काही शतकांत इंग्रजीचे शब्दान्तीचे प्रत्यय झिजले, स्वर आखूड झाले, दुहेरी व्यंजनं एकेरी झाली. दोन्ही क्रियापदं घासत घासत एकाच रूपाला येऊन ठेपली: लेट. अर्थ मात्र दोन्ही जिवंत. एकाच आवाजात ‘जाऊ दे’ आणि ‘जाऊ देऊ नकोस’.

अडवण्याच्या लेटचं मूळ एका विशेषणात आहे. जुन्या इंग्रजीत ‘लॅट’ म्हणजे मंद, सुस्त. त्या विशेषणापासून क्रियापद झालं, मंद करणे. त्यातून उशीर करवणे. त्यातून अडवून ठेवणे. आणि तेच विशेषण पुढे आजच्या ‘लेट’चं, उशिराच्या लेटचं, रूप घेऊन आलं. त्याचं तमवाचक रूप म्हणजे ‘लास्ट’, सर्वांत उशिराचा, शेवटचा. म्हणून दुसऱ्या चुकीला मी कमी गुण कापतो. गाडी लेट झाल्यावर प्रवाशांचा जो होतो, तोच शब्द इथे मूळ अर्थाला चपखल बसतो: खोळंबा. ‘खोळंबा करणे’ यात उशीर आहे आणि अडवणूकही आहे, आणि दोन्ही एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. जुन्या इंग्रजी क्रियापदाची घडण नेमकी अशीच होती.

शेजारच्या भाषांत ही दोन घराणी आजही वेगळी राहतात. जर्मनमध्ये ‘लासेन’ म्हणजे करू देणे आणि ‘लेट्स्ट’ म्हणजे शेवटचा. डचमध्ये ‘लाटन’ म्हणजे करू देणे आणि ‘बेलेटन’ म्हणजे अडवणे. जर्मनमधलं ‘फरलेट्सन’ म्हणजे इजा करणे, तेही अडवण्याच्याच घराण्यातलं. इंग्रजीची झीज जास्त झाली, म्हणून गोंधळही तिच्याच वाट्याला आला. आणखी खोल गेलं तर भाषाशास्त्रज्ञ दोन्ही शब्द ‘सैल सोडणे’ अशा अर्थाच्या एकाच आदिम मुळाशी नेतात: एकाने सोडलं म्हणून मोकळं झालं, दुसऱ्याने सोडलं म्हणून ढिलं पडलं, मंदावलं. भाषांतरात याचा उपयोग नाही. पण हा अपघात नेमका कसा घडला ते यावरून कळतं.

जोडीदार ‘हिंड्रन्स’ही पाहण्यासारखा आहे. ‘बिहाइंड’मधला हाइंड म्हणजे मागे, हिंडर म्हणजे मागे ठेवणे, मागे ओढणे. मुळाबरहुकूम वाचलं तर ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ म्हणजे त्याला खोळंबवू नका आणि मागे खेचू नका.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रजी कायद्यातल्या जोडशब्दांबद्दल सांगितलं जातं की नॉर्मन राजवटीत एक शब्द इंग्रजी आणि एक फ्रेंच असा दुहेरी लिहिण्याचा प्रघात पडला, दोन्ही समाजांना कळावं म्हणून. काही जोड्यांबाबत हे खरं आहे. आपल्याकडचं ‘कागदपत्र’ याच जातीचं: कागद फारसीच्या वाटेने आलेला, पत्र संस्कृत. ‘धनदौलत’ही तसंच. पण लेट आणि हिंड्रन्स ही दोन्ही मुळं इंग्रजीच. फक्त दुसऱ्याला फ्रेंच वळणाचं शेपूट जोडलेलं आहे. तेव्हा ही जोडी दोन भाषकांसाठी नाही. ती एकच गोष्ट दोनदा ठासून सांगण्यासाठी आहे, ‘तंटाबखेडा’सारखी. भाषांतर करताना हे ठरवावं लागतं, कारण दोन शब्दांत कायदेशीर फरक आहे असं मानलं की भाषांतरकार नसलेला फरक शोधत बसतो.

जुन्या वापराचे पुरावे

या शब्दाचा सर्वांत उपयोगी पुरावा 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये आहे, कारण तिथे दोन्ही लेट एकाच पुस्तकात नांदतात. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायातलं ‘लेट देअर बी लाइट’ हा होऊ देण्याचा लेट. आणि निर्गमच्या पाचव्या अध्यायात मिसरचा राजा फारो हा मोशे आणि अहरोन यांना विचारतो की तुम्ही लोकांना त्यांच्या कामापासून ‘लेट’ का करता? इथे अर्थ आहे: लोकांच्या कामाचा खोळंबा का करता?

रोमकरांस पत्रातल्या पहिल्या अध्यायाचं तेरावं वचन तर परीक्षेत द्यावं असं आहे. पौल म्हणतो, तुमच्याकडे यायचं मी पुष्कळदा ठरवलं, ‘बट वॉज लेट हिदरटू’. आजच्या इंग्रजीने वाचलं तर ‘पण आजवर येऊ दिलं गेलं’. मग तो आला का नाही? सुटका करतो तो ‘बट’. ‘पण’ ह्या अव्ययापुढे ठरवण्याच्या उलट काहीतरी घडलेलंच असायला हवं. अर्थ: पण आजवर अडलो. 1881 साली बायबलच्या नव्या कराराची सुधारित इंग्रजी आवृत्ती निघाली तेव्हा तिथे लेट काढून ‘हिंडर्ड’ घातलं गेलं.

सर्वांत जड जागा थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातली, अध्याय 2, वचन 7: ‘ही हू नाउ लेटेथ विल लेट’. अधर्माचं गुप्त सामर्थ्य काम करत आहेच, पण ते उघडपणे पसरू नये म्हणून कोणीतरी ते धरून ठेवलं आहे, आणि तो बाजूला होईपर्यंत धरून ठेवणार आहे, असा अर्थ. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही दाबून धरणारा, आवरून धरणारा. आता हेच वचन शाळेतल्या लेटने वाचा: जो आज मोकळीक देतो तो पुढेही मोकळीक देत राहील. अधर्माला रोखणारा हा अधर्माला रान मोकळं करून देणारा झाला. तर्तुल्यनासारख्या आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंताने हा रोखणारा म्हणजे रोमन साम्राज्य असं मानलं होतं. तीन अक्षरांच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ फिरला की ही सगळी चर्चाच उलटी होते. 1881 च्या आवृत्तीने इथे ‘रिस्ट्रेनेथ’ असा शब्द योजला. पुढे 1952 च्या अमेरिकन सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत, ज्या शब्दांचा अर्थ बदलल्यामुळे जुनं भाषांतर वाचकाला चकवतं अशा शब्दांची उदाहरणं दिली आहेत, त्यांत लेट आहे.

नाटकातला पुरावा हॅम्लेटचा. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात बापाचं भूत खुणावतं, मित्र हॅम्लेटला धरून ठेवतात, आणि तो ओरडतो की जो मला ‘लेट’ करील त्याचंच भूत करीन. प्रसंग डोळ्यांसमोर आणला की शंका उरत नाही: दोन माणसांनी त्याचे दंड धरलेले आहेत आणि तो हिसडे देतो आहे. जाऊ देणाऱ्याला कोण मारायला उठेल? अर्थ लागत नसेल तर आधी त्या क्षणी माणसं कुठे उभी आहेत ते बघावं, ही शब्दकोशापेक्षाही लवकर उपयोगी पडणारी गोष्ट आहे.

कोणता लेट आहे हे ओळखायचं कसं

आधी तो नाम आहे की क्रियापद ते पाहा. मागे ‘विदाउट’, ‘नो’, ‘एनी’ असं काही असेल तर ते नाम. जुन्या मजकुरात नाम असेल तर अर्थ जवळजवळ नेहमी अडथळा. ब्रिटिश बोलीत ‘अ लेट’ म्हणजे भाड्याने दिलेलं घर असाही वापर आहे, पण तो अलीकडचा आणि घरभाड्याच्याच संदर्भात.

क्रियापद असेल तर त्याच्या पुढे काय आहे ते बघायचं. ‘लेट’, मग माणूस, मग दुसरं क्रियापद ‘टु’शिवाय, अशी रचना असेल तर ते करू देणं. लेटच्या पुढे नुसतं कर्म असेल आणि वाक्य तिथेच थांबत असेल, किंवा कर्मानंतर ‘फ्रॉम’ येत असेल, तर ते अडवणं. यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो, मी कार्य करीन, ‘हू शॅल लेट इट?’ पुढे काही नाही. म्हणजे: ते कोण अडवील?

मग शेजारी पाहायचे. हिंड्रन्स, मोलेस्टेशन, डिस्टर्बन्स, इंटरप्शन असे शब्द रांगेत उभे असतील तर लेटही त्याच रांगेतला. कायद्याच्या भाषेत ‘ऑर’ने जोडलेले शब्द सहसा एकाच कुळातले असतात, परवानगी आणि अडथळा यांची जोडी ‘ऑर’ने कोणी बांधत नाही. पहिली चूक टाळायला एवढी एक नजर पुरेशी होती.

शेवटी अदलाबदल करून पाहायची. लेटच्या जागी ‘हरकत’ घालून वाक्य वाचा, मग ‘परवानगी’ घालून वाचा. पारपत्राच्या वाक्याने आपल्याला दाखवलंच आहे की ही कसोटी एकटी पुरत नाही, दोन्ही शब्द वरवर खपून जातात. पण वरच्या तीन कसोट्यांनंतर लावली तर ती निकाल पक्का करते.

नाम का वाचलं

अडवण्याचं क्रियापद सतराव्या शतकानंतर ओसरत गेलं. कारण उघड आहे. ज्या शब्दाने हो आणि नाही दोन्ही म्हणता येतं, त्याने आज्ञा देता येत नाही. करू देण्याचा लेट प्रत्येक वाक्यात लागणारा, त्याला हलवणं अशक्य. दुसऱ्याला मात्र हिंडर, स्टॉप असे पर्याय तयार होते. तो बाजूला झाला.

नामाचं तसं झालं नाही. करू देण्याच्या लेटला त्या काळी बरोबरीचं नाम नव्हतं. ‘परवानगी’ म्हणायला इंग्रजीत लीव्ह आणि लायसन्स होते. त्यामुळे नामाच्या जागी अडथळ्याच्या लेटला प्रतिस्पर्धीच नव्हता. तो आज जिथे जिथे दिसतो, पारपत्रात, खतात, खेळात, तिथे नाम म्हणूनच दिसतो. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची बाब हीच. शब्द निव्वळ जुनेपणाने मरत नाहीत. जिथे टक्कर होते तिथे मरतात आणि जिथे टक्कर होत नाही तिथे राहतात.

खेळातला लेट सर्वांच्या ओळखीचा. टेबल टेनिसची सर्व्हिस जाळीला चाटून पलीकडे बरोबर पडली की टेबलाभोवतीची मुलं एका सुरात ‘लेट’ म्हणतात आणि सर्व्हिस पुन्हा होते. टेनिसमध्येही तसंच, शेजारच्या कोर्टावरचा चेंडू घरंगळत आला तरी लेट. मुलांना विचारलं तर कोणी म्हणतं ‘नेट’चंच लेट झालं, कोणी म्हणतं चेंडू जाळीला लागून लेट पोचला. खरा अर्थ: मध्ये अडथळा आला, म्हणून तो डाव धरायचा नाही. टेबल टेनिसच्या नियमातही लेटची व्याख्या, ज्या रॅलीचा निकाल धरला जात नाही ती रॅली, अशीच आहे.

जुना अर्थ अगदी उघडा पाहायचा असेल तर स्क्वॉश पाहावं. दोन्ही खेळाडू एकाच चौकोनात, एकाच भिंतीवर चेंडू मारतात. एकाच्या वाटेत दुसऱ्याचं शरीर आलं की तो थांबतो आणि पंचांकडे वळून म्हणतो, ‘लेट, प्लीज’. पंचांची उत्तरं तीन. ‘यस लेट’: अडथळा खरा होता, रॅली पुन्हा. ‘नो लेट’: अडथळा असा नव्हता, मागणाऱ्याने रॅली गमावली. ‘स्ट्रोक’: अडथळा इतका होता की मागणाऱ्याला गुणच द्या. हॅम्लेटचे दंड धरणारे मित्र आणि स्क्वॉशच्या कोर्टात वाट अडवणारा खेळाडू यांच्यात शब्दाच्या दृष्टीने काही फरक नाही.

इतर देशांनी काय केलं

1920 साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये परिषद झाली आणि पारपत्राच्या पुस्तिकेचा एकसारखा नमुना ठरला. विनंतीचे शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले. ब्रिटनच्या पारपत्रात आजही ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ आहे. राणीच्या जागी राजा आला, लेट हलला नाही. आपल्या पारपत्रातली शब्दयोजना त्याच वळणाची, फक्त विनंती राष्ट्रपतींच्या नावाने. ऑस्ट्रेलियानेही लेट ठेवला आहे.

अमेरिकेच्या पारपत्रात मात्र ‘विदाउट डिले ऑर हिंड्रन्स’ आहे. कॅनडाच्याही. म्हणजे लेटच्या जागी ‘डिले’, उशीर. ज्या घरात आईवडिलांचं पारपत्र भारतीय आणि मुलांचं अमेरिकन आहे, आणि अशी मराठी घरं न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत भरपूर आहेत, तिथे दोन पुस्तिका शेजारी उघडून ठेवल्या की शब्दाचा उगम आणि त्याचा आधुनिक पर्याय समोरासमोर वाचता येतो. आयर्लंडने तिसरी वाट धरली: नुसतं ‘विदाउट हिंड्रन्स’, जोडीतला जुना शब्द गाळून.

भाषांतरकाराला हे तीन नमुने म्हणजे तयार पर्याय आहेत: जुना शब्द ठेवा, अर्थ उलगडून नवा द्या, किंवा जोडी मोडून एकावर भागवा.

खरेदीखतात हाच शब्द आला की

मुंबईतली बरीच जुनी हस्तांतरणपत्रं इंग्रजीत आहेत आणि त्यांत शांततेने उपभोग घेऊ देण्याचं एक कलम ठरलेलं असतं. खरेदीदाराने मिळकत धारण करावी आणि तिचा उपभोग घ्यावा, ‘विदाउट एनी लेट, सूट, ट्रबल, डिनायल, इव्हिक्शन, इंटरप्शन, क्लेम ऑर डिमांड’, आणि हा त्रास विकणाऱ्याकडून किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्या कोणाकडूनही होऊ नये. यातला सूट म्हणजे दावा.

इथे लेटचं ‘भाड्याने देणे’ केलं तर काय होतं ते पाहा. विकणाऱ्याने दिलेली हमी खरेदीदारावरचं बंधन बनते: मिळकत भाड्याने न देता उपभोग घ्यावा. ज्या कलमाने खरेदीदाराला संरक्षण दिलं तेच त्याच्या गळ्यात पडतं. मराठी प्रतीवर विसंबून कोणी व्यवहार केला तर वाद उभा राहायला एवढं पुरे. चूक पकडण्याची खूण शेवटच्या शब्दांत आहे: हा लेट ‘कोणाकडून’ होऊ नये ते कलमातच सांगितलेलं असतं, आणि तो विकणारा आहे. खरेदीदाराची मिळकत विकणारा भाड्याने कशी देईल?

मराठी खतलेखनात या कलमासाठी शब्द शोधावा लागत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. मिळकतीवर कोणी हक्क सांगून ‘हिल्ला-हरकत’ केल्यास तिचं निवारण लिहून देणार स्वखर्चाने करतील, त्याची तोशीस लिहून घेणार यांस लागू देणार नाहीत. हिल्ला-हरकत ही जोडी लेट ऑर हिंड्रन्सच्या इतकी शेजारी बसते की दुसरं काही करूच नये. मिळकतीबद्दल ‘निर्वेध’ हा शब्दही तयार आहे. आणि 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने भाडेपट्ट्याच्या कलम 108 मध्ये हीच कल्पना सांगताना लेट टाळून ‘विदाउट इंटरप्शन’ असं साधं इंग्रजी वापरलं आहे, हेही लक्षात ठेवण्यासारखं. कायदा करणाऱ्यांना जो शब्द नको वाटला तो खतं लिहिणाऱ्यांनी सोडला नाही.

मराठीतला लेट: हरकत

मराठी वाचकाला हा सगळा गोंधळ परका वाटू नये, कारण आपल्याकडे ‘हरकत’ आहे. अरबीत हरकत म्हणजे हालचाल, गती. हिंदीत ती हालचाल, कृती, बऱ्याचदा आगळीक अशा अर्थाने आहे. मराठीत मात्र तिचा अर्थ थेट अडथळा, आक्षेप असा झाला. तलाठ्याकडे फेरफाराची नोटीस लागली की हरकती मागवतात. सोसायटीकडून ना हरकत प्रमाणपत्र आणतात. आणि ‘काही हरकत नाही’ तर दिवसभर तोंडात असतं. गतीचा शब्द गतिरोधाचा झाला.

पण जुना अर्थ मेला नाही. तो गाण्यात आहे. गवयाने सुराला धरून केलेली छोटी, चपळ हालचाल म्हणजे हरकत. ‘तिने षड्जावर सुंदर हरकत घेतली’ आणि ‘शेजाऱ्याने बांधकामावर हरकत घेतली’: नाम तेच, क्रियापदही तेच, आणि दोन्ही वाक्यांत कोणाला शंका येत नाही. मैफल आणि कचेरी ही क्षेत्रं इतकी दूर आहेत की टक्कर होत नाही, म्हणून दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. इंग्रजीतल्या दोन क्रियापदांना असं अंतर मिळालं नाही. दोन्ही एकाच रस्त्यावरून चालत होती.

वाक्याचं मराठी

हिंदी मजकुरात ‘बिना रोक-टोक’ आहे, आणि हिंदीत ते उत्तम आहे. मराठी करताना मात्र कान तिथे फसतो, कारण आपल्याकडे त्याच्याजवळचा ‘रोखठोक’ म्हणजे स्पष्ट, तोंडावर सांगणारा. ती वाट बंद.

‘बिनहरकत’ नेमका आहे, पण एकाच शब्दात जोडी विरघळते आणि वाक्याचं वजन कमी होतं. ‘विनाविलंब’ अमेरिकन पर्यायाच्या जवळचा, पण परत पाठवलेल्या प्रवाशाला काही नुसता उशीर झालेला नसतो. पारपत्राच्या काळापर्यंत लेटचा अर्थ उशिराच्या पलीकडे गेला होता. ‘हिल्ला-हरकत’ मिळकतीला शोभते, माणसाला नाही. ‘खोळंबा’ मुळाशी सर्वांत प्रामाणिक, पण राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत तो फलाटावरच्या भाषेत उतरतो.

राहतात ‘अटकाव’ आणि ‘आडकाठी’. दोन्हींची सुरुवात ‘अ-आ’ने, दोन्हींचा अर्थ एक, आणि आडकाठीत वाटेवर आडवी टाकलेली काठी अजून दिसते, नाक्यावरचा उचलता येणारा दांडा तोच. जोडी टिकते, ठासून सांगणंही टिकतं.

वाक्याच्या सुरुवातीला आणखी दोन जुने शब्द दडलेले आहेत. ‘दीज आर टु रिक्वेस्ट अँड रिक्वायर’ मधला ‘दीज’ म्हणजे ‘ही पत्रं’. राजपत्रांच्या जुन्या पद्धतीत कागदच बोलतो. त्याचं ‘या पत्रान्वये’ करावं. ‘रिक्वायर’ला इथे ‘आवश्यक ठरवणे’ असा आजचा अर्थ नाही, जुना ‘मागणे’ आहे. दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला हुकूम सोडता येत नाही. हिंदीत यासाठी ‘अपेक्षा’ योजलं आहे, ते मराठीतही चालतं. आणि इंग्रजीतल्या ‘हिम ऑर हर’साठी ‘त्यास किंवा तिला’ असं अडखळत लिहिण्यापेक्षा ‘वाहकास’ हाच शब्द दुसऱ्यांदा वापरावा. पुरुष वा स्त्री असा प्रश्न उरत नाही.

मग मजकूर असा होतो:

‘या पत्रान्वये, भारतीय गणराज्याच्या राष्ट्रपतींच्या नावाने, ज्यांच्याशी याचा संबंध येईल त्या सर्वांस विनंती व अपेक्षा करण्यात येते की, त्यांनी वाहकास कोणताही अटकाव वा आडकाठी न करता मोकळेपणाने जाऊ द्यावे आणि वाहकास गरज पडेल ते सर्व साहाय्य व संरक्षण द्यावे.’